कंपनीचं कुठलं, डीलरचं कुठलं

डोंबिवलीत आमच्याकडे प्रीमिअर पद्मिनी होती, म्हणजे मुळातली फियाटच. रविवारी सकाळी बाबा बॉनेट उघडायचे आणि मी पाने हातात घेऊन शेजारी उभा राहायचो. म्हणून न्यू जर्सीत हातात थोडे पैसे साठले तेव्हा मी फियाटच शोधली. 1978 ची 124 स्पायडर, कापडी टपाची. पिनिनफारिनाची बॉडी आणि 1756 सीसीचं ट्विन कॅम इंजिन. त्या इंजिनाचे कर्ते लाम्प्रेदी आधी फेरारीची इंजिनं करायचे. मला गाडी बघताक्षणी आवडली होती.

विकणारा म्हणाला, "सगळं ओरिजिनल आहे." गाडीत एसी होता. तोही इटलीहूनच बसवून आला असणार, असं मी धरून चाललो. एक गोष्ट मात्र खटकली होती. किल्ली काढली तरी एसीचा पंखा चालूच राहायचा. मी ते सोडून दिलं. तिथेच चुकलं.

जुलैत बायकोला घेऊन समुद्राकडे निघालो. एसीतून गार हवा येत नव्हती, नुसता पंखा लावला होता. टोलनाक्याच्या रांगेत जळक्या प्लास्टिकचा वास आला. मग स्टिअरिंगच्या खालून धूर. गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. धूर थांबेना. या गाडीची बॅटरी डिकीत असते. सामान बाहेर काढून, पान्याने तार सुटेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. बायको लांब उभी होती. माझे हात कापत होते, हे मी तिला रात्री घरी आल्यावर सांगितलं.

जुन्या इटालियन गाड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा मेकॅनिक ओळखीतून मिळाला. त्याने डॅशबोर्ड खोलला आणि कंपनीच्या वायरिंगचा नकाशा शेजारी पसरला. वितळलेली तार नकाशात नव्हतीच. इग्निशन स्विचकडे येणाऱ्या जाड तपकिरी तारेत नेहमी करंट असतो. तिला प्लास्टिकचा निळा चिमटा मारून कुणीतरी बारीक तार ओढली होती. मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. म्हणून किल्ली बंद केली तरी पंखा चालायचा, आणि म्हणूनच धूर थांबला नाही.

घरी येऊन गाडीची जुनी कागदपत्रं चाळली. त्यात डीलरचं वेगळं बिल निघालं: एसी, रेडिओ आणि गंजरोधक लेप. त्या काळी अमेरिकेत स्पायडरला एसी अनेकदा डीलरच बसवून द्यायचे. 1958 च्या कायद्यामुळे नव्या गाडीच्या काचेवर कंपनीचं किमतीचं लेबल लावावं लागतं. डीलरने पुढे काय घातलं, ते अशा दुसऱ्या कागदावर सापडतं. हा कागद मी गाडी घेण्याआधी बघायला हवा होता.

बिलातला लेप वाचून दारं तपासली. कडेला प्लास्टिकची गोल बुचं होती. लेप आत फवारायला ती भोकं पाडली होती. एक बूच काढलं तर आत काळं मेणासारखं साचलेलं. दाराच्या तळाची, पाणी बाहेर जायची भोकं त्यानेच बुजली होती. आत पाणी आणि गंज. गंज थांबवायला लावलेल्या लेपानेच गंज धरला होता. ते बघून फार वाईट वाटलं. तारेने भोकं मोकळी केली. एका दाराचा तळ कापून पत्रा जोडावा लागला.

वायरिंगचं काम असं केलं: इग्निशन स्विच बदलला. पंख्याला बॅटरीवरून वेगळी जाड तार दिली, फ्यूज आणि रिलेसकट. चिनी मातीच्या फ्यूजची टोकं आणि अर्थिंगचे सगळे बोल्ट घासून काढले. बॅटरीवर हाताने फिरवून बंद करायचा स्विच बसवला. एसीत जुना आर-12 गॅस होता. त्याचं उत्पादन अमेरिकेत 1995 अखेर थांबलं. नव्या गॅससाठी बरंच बदलावं लागलं असतं, म्हणून कॉम्प्रेसर उतरवला. टाकून मात्र दिला नाही. ब्रॅकेट, पाइप आणि बिल एका खोक्यात एकत्र ठेवलं आहे.

अशी गाडी घेणार असाल तर किल्ली काढून बघा, काय काय चालू राहतं. डॅशखाली टॉर्च मारा. चिमटे दिसले तर तार कुठे जाते ते शोधा. दारांच्या कडा बघा. डीलरचं बिल मागा. डीलरने बसवलेलं सगळंच वाईट नसतं, पण ते कंपनीच्या नकाशात सापडत नाही.

आता मी गाडीत एखादी तार जरी घातली, तरी तिला चिठ्ठी बांधतो. तारीख, कुठून कुठे, किती अँपिअरचा फ्यूज. पुढच्या मालकाला डॅश खोलल्यावर ती दिसेल.