तांबडा दिवा

शाळेच्या वार्षिकांत मराठीच्या शिक्षकानें मोटारीच्या दिव्याविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या दोन विद्यार्थ्यांच्या जिवाशीं ह्या दिव्याचा संबंध आला, ते दोघेहि हें वार्षिक वाचतात. आणि त्यांपैकीं एकाच्या प्रश्नास मीं त्या दिवशीं खरें उत्तर दिलें नाहीं. तें देणें माझ्याकडे राहिलें आहे.

माझ्या वडिलांच्या पश्चात् त्यांची जुनी पिकअप गाडी माझ्याकडे आली. ते तींतून वाईच्या बाजारांत भाजीपाला नेत असत. मी ती सुट्टीच्या दिवशीं किरकोळ कामास वापरतों. सन २०२३ च्या पावसाळ्याच्या आरंभीं पांचगणीहून पसरणीचा घाट उतरत असतां वेगाच्या कांट्याशेजारीं एक तांबडा दिवा लागला. एक वर्तुळ, त्याच्या दोहों बाजूंस कंस, आणि मध्यें उद्गारचिन्ह. गाडी सपाटीस आली कीं तो मालवे, उतार लागला कीं पुन्हां लागे. उद्गारचिन्हाचा उपयोग मी वर्गांत वीस वर्षें शिकवीत आलों आहें; पण हें कोणत्या भावनेचें द्योतक, तें मला कळेना.

जुन्या गाड्यांत बहुधा हा एकच दिवा दोन कामें करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, आणि ब्रेकचें तेल कमी झालें तरीहि लागतो. त्यामुळें प्रथम हँडब्रेकचा संशय घेणें रास्तच होतें. त्याच्या दांड्याच्या बुडाशीं एक बारीक स्विच असतो. दांडा पुरता खालीं बसला नाहीं, किंवा स्विच मळानें अडकला, म्हणजे दिवा विनाकारण जळत राहतो. गाडी उताराकडे तोंड करून उभी केली, चाकांस दगड लावले, आणि त्या स्विचची तार सोडवून किल्ली फिरविली. दिवा लागलेलाच! तेव्हां हँडब्रेक निर्दोष ठरला.

मग बॉनेट उघडलें. ब्रेकचें तेल एका पांढरट प्लास्टिकच्या डबीत असतें व तिच्यावर 'मॅक्स' आणि 'मिन' अशा दोन रेघा असतात. तेल खालच्या रेघेच्याहि खालीं गेलें होतें. आंत एक तरंगता तुकडा असतो. तेल उतरलें कीं तोहि उतरतो, आणि स्विच जुळून दिवा पेटतो. उतारावर तेल डबीच्या एका अंगास सरकतें, म्हणून तेथें तो आधीं लागत असे. कोडें उलगडल्याचा मला मोठा आनंद झाला. अर्ध्या लिटरची बाटली आणली, रेघेपर्यंत तेल ओतलें, दिवा विझला.

श्रावणांत तो पुन्हां लागला. मीं पुन्हां तेल ओतलें. भाद्रपदांत तिसऱ्यानें ओतलें. एका परिचित चालकानें तर सांगितलें, "सर, बल्ब काढून टाका, कटकट मिटली." त्याच्या अडाणीपणास मी मनांत हंसलों. वस्तुतः तो जें हातानें करावयास सांगत होता, तेंच मी बाटलीनें करीत होतों.

ब्रेकचें तेल डिझेलप्रमाणें जळून संपत नाहीं. तें बंद नळ्यांत असतें. पाय दाबला कीं त्याचा दाब चाकापर्यंत पोंचतो, इतकेंच. पुढच्या चाकांचे पॅड झिजूं लागले म्हणजे पिस्टन पुढें सरकतो, त्याच्या मागें अधिक तेल मावतें आणि डबीतील पातळी उतरते, हें खरें. पण तें फार सावकाश घडतें. "पॅड झिजले असतील," अशी मीं मनाची समजूत घातली. पॅड मात्र पाहिले नाहींत. गाडीखालीं तेलाचा एकहि थेंब नव्हता, हा मला सज्जड पुरावा वाटत असे.

दिवाळीच्या सुट्टीस वसतिगृहांतील मुलांच्या पेट्या वाईच्या स्थानकावर पोंचवावयाच्या होत्या. पेट्या मागें रचल्या. आठवींतील दोन मुलें माझ्याशेजारीं बसलीं. घाटाच्या तोंडाशींच दिवा लुकलुकला. एकानें विचारलें, "सर, हा लाल दिवा कसला?"

मीं म्हटलें, "कांहीं नाहीं रे. गाडी जुनी आहे."

शिक्षकाचा शब्द म्हणून तो गप्प राहिला व खालीं धोमच्या जलाशयाकडे पाहूं लागला. निम्मा घाट उतरलों असूं. एका वळणावर पाय दाबला, तों पेडल नेहमीपेक्षां कितीतरी खोल गेलें. ब्रेक लागले, पण अर्धेमुर्धे. मीं गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घातली, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि रस्ता रुंद होता तेथें ती कशीबशी थांबविली. खालीं उतरून चाकांस दगड लावले, तेव्हां माझे हात कांपत होते. मुलांस भीतीचा गंधहि नव्हता; त्यांस वाटलें, सर दरी दाखवावयास थांबले.

मुलांस मागून आलेल्या एस. टी.त बसवून दिलें आणि वाईच्या एका वृद्ध मिस्त्रींस फोन केला. ते आले, गाडीभोंवतीं एक फेरी मारली व डाव्या मागच्या चाकापाशीं बसले. टायरच्या आंतल्या अंगास एक ओला ओघळ होता. इतक्या महिन्यांत मीं तेथें एकदांहि डोकावलों नव्हतों. त्यांनीं चाक व ड्रम उतरविला आणि व्हील सिलिंडरचें रबरी टोपण उचकटलें. तेल भळकन बाहेर आलें. गळती ड्रमच्या आंत होती. लायनर तेलानें माखले होते.

"मास्तर, तेल किती वेळां घातलंत?"

"तीनदां."

"मग तें गेलं कुठं, म्हणून नाहीं पाहिलंत?"

मीं उत्तर दिलें नाहीं.

आम्ही वांचलों कसे, तेंहि त्यांनीं समजाविलें. मास्टर सिलिंडरांत दोन कप्पे असतात. ह्या गाडीत एक पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्यांचा. मागच्या कप्प्यांत हवा शिरली, तरी पुढचा शाबूत होता. त्यांनीं मागचे दोन्ही सिलिंडर व लायनर बदलले, कारण तेल प्यालेल्या लायनरचा भरंवसा नाहीं. मग सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढावयास आरंभ केला: मी पेडल दाबून धरावयाचें, त्यांनीं निपल सैल करावयाचा, बुडबुडे येणें थांबेपर्यंत. जुनें तेल चहासारखें काळपट निघालें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. 'डॉट ३' जातीचें ताजें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. आणि घाटांत ब्रेक तापले असतां उकळलेल्या तेलाची वाफ म्हणजे नळींत हवाच. पावसाळाभर अर्धवट उघडी ठेवलेली माझी बाटली मिस्त्रींनीं न विचारतां टाकून दिली.

सुट्टी संपल्यावर त्या मुलास मीं बोलावून सर्व हकीकत सांगितली. तो रागावेल असें वाटलें होतें. त्यानें व्हील सिलिंडर कसा असतो तें विचारलें. जुना सिलिंडर मीं त्यास देऊन टाकला. आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तो विजेरी घेऊन येतो, चारी टायरांच्या आंतल्या बाजूस वांकून पाहतो, मग डबीतील रेघ पाहतो. परवां पुढच्या उजव्या चाकापाशीं तो बराच वेळ बसून राहिला, तेव्हां माझ्या पोटांत गोळा आला.

"काय रे?" मीं विचारलें.

"चिखल आहे, सर," तो म्हणाला, आणि बोटानें पुसून पुन्हां पाहूं लागला.