कडोदऱ्याचा पडाव

निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा आपल्या दारावरून जाणारा मोठा रस्ता आपण अजूनही ‘पुणे-बंगलोर रोड’ म्हणूनच ओळखतो. सरकारी कागदावर तो पूर्वी चार नंबरचा होता. २०१० साली महामार्गांचे नंबर बदलले आणि तो ४८ झाला, दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एकच. आम्ही अथणीची माणसं. मिरज-कोल्हापूर करून या रस्त्याला लागलो की पुणे, मुंबई, वापी असं करत तोच रस्ता आम्हाला थेट अक्काच्या गावी नेऊन सोडतो. गावाचं नाव कडोदरा. सुरतेच्या पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, पलसाणा तालुक्यात.

कडोदरा पाहायला म्हणून कुणी जात नाही. मोठा चौक, त्याला तिकडे ‘चार रस्ता’ म्हणतात. एक रस्ता सुरतेला, एक बारडोलीला, एक मुंबईकडे आणि एक अहमदाबादकडे. चारही बाजूंना कापड रंगवणाऱ्या गिरण्या, त्यांची धुराडी, ट्रकांची रांग आणि कामगारांच्या चाळी. आमचे दाजी अशाच एका गिरणीत वीस वर्षं आहेत. अक्का दाजींशी कानडीत बोलते, माझ्याशी मराठीत, भाजीवाल्याशी गुजरातीत आणि शेजारच्या ओरिसाच्या बाईशी हिंदीत. चारही भाषांत ती सारख्याच वेगाने भांडू शकते.

गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा भाच्याने नवा तंबू घेतलेला होता. कॉलेजात आहे, डोक्यात वारं आहे. “मामा, अमेरिकेत सरकारी जमिनीवर फुकट तंबू ठोकता येतो, ठाऊक आहे का? आपल्याकडे कुठे येतो सांग.”

त्याचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा, युटा, ऑरेगॉन या भागात चार-पाच हजार फुटांच्या उंचीवर कोरडं वाळवंटी पठार पसरलेलं आहे. तिथली बहुतेक जमीन कुणा शेतकऱ्याची नाही. एकट्या नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. अशा जमिनी सांभाळणारं जे मुख्य खातं आहे त्याच्याकडे साडेचोवीस कोटी एकर आहेत. फी नाही, नळ नाही, संडास नाही, दिवा नाही. गाडी लावायची, तंबू ठोकायचा आणि साधारणपणे एका जागी चौदा दिवसांपर्यंत राहायचं. मग जागा बदलायची. पाणी आपलं आपण न्यायचं, माणशी दिवसाला चार लिटर तरी. शौचाला ओढ्या-तळ्यापासून दोनशे फूट लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि बुजवायचा. कचरा परत घेऊन यायचा. स्वीडनमध्ये तर याच्याही पुढे जाऊन दुसऱ्याच्या खासगी रानातसुद्धा, घरापासून दूर आणि नुकसान न करता, एक-दोन रात्री तंबू लावायचा हक्क रिवाजानेच सगळ्यांना आहे.

ऐकताना मला आमचा अथणीच्या पूर्वेकडचा माळ आठवत होता. तिथून जतपर्यंत कुसळं, बाभळ आणि वारा. पावसाची कायम ओढ, म्हणून वस्ती विरळ, आणि म्हणूनच रात्रीचं आभाळ भरगच्च. धनगर-कुरुबर पिढ्यान् पिढ्या तिथे उघड्यावर राहत आले आहेत. वाघरीचं जाळं लावून मेंढरं कोंडायची, शेजारी तीन दगडांची चूल, घोड्यावरून आणलेलं बिऱ्हाड. मराठीत तो वाडा, कानडीत कुरी-हट्टी. मेंढरं शेतात बसवली तर खताच्या बदल्यात मालक धान्य देतो, आणि गायरानात उतरले तर कुणी काही विचारत नाही. निदान पूर्वी विचारत नसे. आपण गायरान म्हणतो, कर्नाटकाच्या कागदांत गोमाळ असतं, गुजरातेत गौचर. तिन्ही नावांत गाय आहे.

भाच्याला मी म्हटलं, तंबू घेऊन अथणीला ये. पण त्याला कडोदऱ्यातच जागा हवी होती. दोन दिवस त्याच्या मोटारसायकलवर बसून हिंडलो. गिरणी नाही तिथे ऊस, ऊस नाही तिथे प्लॉट पाडलेले, प्लॉटला तारेचं कुंपण आणि राखणदार. एका गावच्या गौचरावर गेलो तर निम्म्यावर पत्र्याच्या शेड आणि उरलेल्या निम्म्यावर कचऱ्याचा ढीग. तंबू पाहून लोक विचारायचे, “कंपनी कोणती?”

संध्याकाळी अक्का सहज म्हणाली, “तंबूच बघायचा तर पडावावर चला की.”

पडाव म्हणजे ऊसतोड्यांचा तळ. आपल्याकडे कारखान्याच्या परिसरात बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात, कानडी मुलखात त्यालाच गुडसल म्हणतात, तसलाच प्रकार. दक्षिण गुजरात हाही साखरेचाच मुलूख. कडोदऱ्याला लागूनच चलथाण, पुढे बारडोली, मढी, सगळीकडे सहकारी कारखाने. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तोडायला माणसं येतात ती डांगातून, तापी जिल्ह्यातून आणि आपल्या महाराष्ट्राच्या नंदुरबार-धुळ्याकडून. गुजरातेत त्यांचं नाव ‘कोयता’. माणसाचं नव्हे, नवरा-बायकोच्या जोडीचं. मुकादम सांगतो, माझ्याकडे पंचवीस कोयते आहेत. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून या भागात येत राहिले आणि १९७८ साली त्यांनी याच तोडणीवर सविस्तर लिहिलं. त्यांनी वर्णन केलेली झोपडी आणि मी पाहिलेली झोपडी यांत मला एकच मोठा फरक दिसला, वरचं प्लॅस्टिक.

अक्काची तिथे ओळख होती. पिठाच्या गिरणीत भेटलेली, नवापूरकडची एक बाई. बारडोली रस्त्याच्या बाजूला, कालवा आणि सडक यांच्यामधल्या पट्ट्यावर तीसेक झोपड्या होत्या. कमरेहून थोड्या उंच. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून रोवलेल्या, वर चटई, वाढं आणि निळा कागद. आत उभं राहता येत नाही, बसून शिरायचं. जमिनीवर पाचटाचा जाड थर आणि त्यावर गोधडी. भाच्याने हात दाबून पाहिला. त्याच्या महागड्या चटईपेक्षा ते मऊ होतं आणि गरमही. सगळ्या झोपड्यांची तोंडं उत्तरेकडे पाठ करून. “तिकडनं थंडी येते,” बाई म्हणाली. चूल बाहेर, तीन विटांची, पण झोपडीपासून चार पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ठिणगी पाचटावर येऊ नये म्हणून. कोंबड्या गावाकडून आणलेल्या, रात्री पाटीखाली. बाळाची झोळी साडीची. मोबाइल रस्त्यावरच्या पानपट्टीत चार्ज होतात, दहा रुपयांना एक. तंबू कुठे लावावा, कसा लावावा, याचं जेवढं शास्त्र भाच्याने वाचलं होतं ते सगळं तिथे पाळलेलं होतं.

एक सोडून. बायकांची आडोशाची सोय म्हणजे उभा ऊस. पहाटे अंधारात जायचं. आणि तो ऊस त्याच रोज तोडतात, त्यामुळे हंगाम जसा पुढे सरकतो तसा आडोसा लांब जातो. जानेवारीच्या शेवटाला अर्धा मैल चालावं लागतं, असं बाईने अक्काला हळू आवाजात सांगितलं. अक्काने ते मला कानडीत सांगितलं, इतरांना कळू नये म्हणून.

पाणी कालव्याचं. प्यायलासुद्धा, कापडातून गाळून. या कालव्याचीही गोष्ट आहे. तापीवर काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला आणि उकाईचं धरण १९७२ साली पुरं झालं. त्या पाण्याने बारडोलीच्या काळ्या जमिनीत, जिथे १९२८ साली साऱ्यासाठी सत्याग्रह झाला तिथे, ऊस आला. उकाईच्या जलाशयाखाली शंभराहून जास्त गावं गेली, बरीचशी आदिवासींची. बाईच्या सासऱ्यांचं गाव त्यातलंच. हिडकलच्या पाण्यात ज्यांची घरं गेली त्यांना हे समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि आपली माणसं ते बघायला जातात. उकाईत काय वर येतं, असं मी विचारलं. “आमची चिंच दिसायची आधी,” ती म्हणाली, “आता नाही दिसत.” आणि भाकरी उलटली.

मुकादम साक्रीचा, अहिराणी बोलणारा. “कथाईन उनात?” त्याने विचारलं. बेळगाव जिल्हा म्हटल्यावर त्याने एकदम ओळखीचं हसू केलं. त्याचा चुलतभाऊ एका हंगामाला आपल्याच भागात येऊन गेला होता. आम्ही विचारलं, इथे आमचा तंबू लावू का एक रात्र? तो म्हणाला, लावा, पण चाकोरीपासून लांब लावा, रात्री ट्रक येतो.

जागा कुणाची? “नहरखात्याची.” म्हणजे पाटबंधाऱ्याची. परवानगी? एक साहेब येतो, कुरकुर करतो, जातो. कागद नाही. गेल्या हंगामात ते एका शेतकऱ्याच्या बांधाला होते, त्याच्याआधी गौचरावर, जिथे आता शेड आहेत. ऊस संपला की ट्रक येतो, बांबू-कागद-कोंबड्या चढवतो आणि दुसऱ्या गावाला सोडतो. त्यांनाही एका जागी जास्त दिवस राहू देत नाहीत, फक्त तो चौदा दिवसांसारखा नियम कुठे लिहिलेला नाही.

२८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. निकाल चांगलाच आहे, गायरानं गिळणाऱ्यांना चाप हवाच होता. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारने रीतसर दिलेल्या जागांचा अपवादही त्यात आहे. पण तो कायमचं घर बांधलेल्यांना लागू पडतो. पाच महिने येऊन जाणाऱ्याला कोण काय लिहून देणार? माझं मत विचाराल तर ज्या कारखान्याला पंचवीस कोयते हवेत त्याने पंचवीस कोयत्यांच्या मुक्कामाला पाण्याची टाकी आणि चार संडास असलेली जागा आधी दाखवावी, मग ऊस मागावा. हे आपल्याकडच्या कारखान्यांनाही लागू. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात आपण सभासद म्हणून सभेला जातो, साखरेच्या पोत्यांवरून भांडतो, हा विषय काढलेला मी तरी ऐकलेला नाही.

रात्र काढली. भाचा तंबूत, मी तंबूच्या तोंडाशी, कारण पाय आत मावेनात. आभाळात मोजून पंधरा-वीस चांदण्या, बाकी सगळं गिरण्यांच्या दिव्यांनी पुसलेलं. महामार्गाचा आवाज एकसारखा. थंडी मात्र खरी होती. दीडच्या सुमाराला ट्रक आला. हॉर्न वाजला आणि एका मिनिटात सगळा पडाव जागा. बाया डोक्याला फडकं गुंडाळून निघाल्या, पुरुष पुढे. फडात ट्रकच्या दिव्याच्या उजेडात मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचं, वर टाकायची, उतरायचं. दोन तास. मुलं झोपड्यांत झोपलेली, एक सात-आठ वर्षांची पोर बाहेर चुलीशी बसून राखण करत होती. भाचा तिच्याजवळ जाऊन बसला. टॉर्च कसा पेटतो ते त्याने तिला दाखवलं, तिने त्याला निखारे राखेत कसे झाकायचे ते दाखवलं. साडेतीनला सगळे परत आले आणि पाचला पुन्हा कोयते घेऊन गेले.

सकाळी बाईने चहा दिला, काळा, गुळाचा. “जेवून जा,” म्हणाली. आपल्याकडे “ऊट आतेन्रि?” विचारतात त्याच सुरात. अक्काने स्वेटरांचं बोचकं दिलं ते तिने घेतलं, पण बदल्यात वाढ्याचा भारा अक्काच्या शेजारणीच्या गाईसाठी बांधून दिला. फुकट घेतलं नाही.

होळीला मात्र पडाव ओस पडतो. सातपुड्याकडच्या आदिवासींना दिवाळीपेक्षा होळी मोठी. कारखाना चालू असो नसो, माणसं निघतात. चलथाणला तापी मार्गाची गाडी मिळते, बारडोली, व्यारा, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत, घोषणा चार भाषांत. फलाटावर एक बाक असा आहे की त्याचं एक टोक या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात, लोक त्यावर बसून फोटो काढतात. मी बाईला त्या बाकाबद्दल विचारलं. ती म्हणाली, गर्दीत तो कधी रिकामा मिळत नाही, आम्ही खालीच बसतो, बोचक्यांवर.