उंच फळीवरचं खोकं

सांगली, शुक्रवार

चि. सई,


तू पाठवलेली क्लिप काल रात्री पाहिली. चाळीस सेकंदांची. खाली लिहिलंयस, "मावशी, तुझा रॉनी बार्कर. पाल्हाळ काढून टाकलंय." तेव्हापासून मला चैन नाही. आज पूजा उरकली आणि तशीच लिहायला बसले. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो मावशी, कळलं" म्हणून मोकळी होतेस, आणि कळलेलं काहीच नसतं.

पाल्हाळ नव्हे गं ते! त्या इंग्रज विनोदी नटाचं 'फोर कँडल्स' हे प्रहसन तू शेवटचं पूर्ण कधी पाहिलंस? रॉनी कॉर्बेट दुकानदार, बार्कर गिऱ्हाईक. गिऱ्हाईक बोलताना 'ह' गिळतो. म्हणून दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो, आणि त्याला हवे असतात फोर्क हँडल्स, बागेतल्या काट्याचे दांडे. एवढं तू ठेवलंयस. पण त्यापुढचं 'ओ'चं? दुकानदार आधी कुदळ आणतो, मग पाण्याची नळी, मग बायकांचे लांब मोजे. शेवटी कळतं, याला फाटकावर लावायला ओ हे अक्षर हवंय. मग तो बिचारा उंच फळीवरून अक्षरांचं खोकं खाली काढतो, ओ देतो, खोकं परत वर ठेवतो. आणि त्यावर हा शांतपणे 'पी' मागतो. दुकानदार चिडतो, मगाशी वर होतो तेव्हाच का नाही सांगितलं म्हणतो, पुन्हा ते खोकं काढतो, आणि याला हवे असतात मटारचे डबे! तू 'ओ' कापलास आणि 'पी' ठेवलास. पहिल्यांदा खोकं उतरलंच नाही, तर दुसऱ्यांदा उतरल्यावर कोण कशाला हसेल?

बार्करचा चेहरा बघ त्यात. तो गंमत करत नाहीये. त्याला खरंच सामान हवंय, यादी हातात आहे, घरी जायचंय. समोरचा का तापलाय हे त्याला उमगत नाही. असा चेहरा चाळीस सेकंदांत दिसत नसतो, सई.

लहानपणी तुला चिऊ-काऊची गोष्ट सांगताना मी एकदा बाळाची तीट गाळली होती. काऊ पावसात भिजतोय, चिऊ आधी बाळाला अंघोळ घालणार, मग पुसणार, मग तीट लावणार. झोपेने डोळे मिटत होते तुझे, तरी उठून बसलीस आणि "तीट राहिली" म्हणून रडलीस. चार वर्षांची होतीस. तेव्हा तुला ठाऊक होतं ते आता कुठे गेलं? हल्ली सगळ्यांनाच तीट नको झालीय. परवा रत्नाच्या घरी पाहिलं, कुकरची वाफ जायच्या आत शिट्टी उचलून डाळ काढत होती. भेटायला आलेला माणूस चपला न काढता दारातूनच बोलून जातो. आणि तूसुद्धा उभ्या-उभ्या जेवतेस, ताईने सांगितलंय मला.

आणि 'फोर कँडल्स' बार्करने स्वतः लिहिलेलं आहे, हे तरी माहीत आहे का तुला? जेराल्ड वायली या नावाने. त्या नावाने तो 1968 पासून आपल्याच कार्यक्रमांना प्रहसनं पाठवायचा. नटाचं लिखाण म्हणून कोणी भिडेखातर घेऊ नये, चांगलं असेल तरच घ्यावं, म्हणून. वायली कोण, यावर बरोबरचे लोक तर्क लढवत आणि हा तिथेच गप्प बसलेला. पुढे 2006 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची स्मरणसभा झाली, तेव्हा दोनऐवजी चार मेणबत्त्या नेल्या होत्या. ते वाचलं त्या दिवशी मी देवापाशी एक जास्तीची वात लावली होती.

पण मला खरं सांगायचंय ते बार्करच्या 'पॉरिज' या तुरुंगातल्या विनोदी मालिकेचं. पॉरिज म्हणजे लापशी, आणि तिकडच्या बोलीत तुरुंगवास. सप्टेंबर 1974. आम्हाला ब्रॅडफर्डला येऊन महिनाही झाला नव्हता. तुझ्या काकांची नाइट ड्यूटी, आणि मी त्या एका खोलीत. मीटरमध्ये नाणं टाकलं की गॅसची शेगडी पेटायची, नाणं संपलं की विझायची. भाड्याने आणलेला काळा-पांढरा टीव्ही होता. गुरुवारी रात्री 'अ नाइट इन' हा भाग लागला. जवळजवळ पूर्ण भागभर एक कोठडी आणि दोन माणसं. बार्करचा फ्लेचर तुरुंगात मुरलेला, रिचर्ड बेकिन्सेलचा गॉडबर पहिल्यांदाच आत आलेला पोरगा. दार बंद होतं, दिवे जातात, पोराला रात्र खायला उठते. आणि फ्लेचर, एरवी कुणाला जवळ न करणारा, त्याला सुचवतो की आज बाहेर जायचा कंटाळा आला म्हणून आपण घरीच थांबलोय असं समजायचं.

मी काय केलं ठाऊक आहे? शेगडीत शेवटचं नाणं टाकलं, शाल घेतली आणि ठरवलं, आज मीही घरीच थांबलेय. इंग्रजी अर्धंच कळत होतं. पण बार्कर वरवर कुरकुरत त्या पोराचं कसं ऐकून घेतो, ते सगळं कळलं. त्याने विनोद थांबवून ऐकलं, सई. ती जागा कापायची असते का?

तू लीड्सला गेल्यापासून मला तोच गॉडबर दिसतो. मागच्या आठवड्यात म्हणालीस, "रात्र सरत नाही, मग काम काढून बसते, कॉफी घेते, छातीत जळजळतं." आणि लगेच विषय बदललास. बेकिन्सेल 1979 च्या मार्चमध्ये झोपेतच गेला. हृदय. एकतीस वर्षांचा होता. आम्ही तिकडेच होतो तेव्हा. पेपर वाचून तुझे काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, लक्षणं असतील, कुणाला सांगितली नसतील. तुला घाबरवत नाही गं. पण जळजळ म्हणजे कॉफीच असेल हे तुला कुणी सांगितलं? डॉक्टरकडे जा. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणू नकोस, सकाळी आठला फोन लाव आणि लागेपर्यंत लावत राहा. काका विचारतायत, जळजळ जेवल्यावर होते की जिना चढताना? आजच कळव, हे पत्र हाती पडायची वाट बघू नकोस, मी फोनवरही विचारणार आहेच.

आणि रविवारी आधी गरम वरण-भात खा, बसून. मग 'अ नाइट इन' पहिल्यापासून लाव. सुरुवातीला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचा आवाज येतो, तोही बार्करचाच. तिथपासून बघ. मीही इथे लावते, तुमचे सात वाजले की आपण दोघींनी एकदमच सुरू करायचं. इथे मध्यरात्र होईल, होऊ दे.

मेतकूट आणि लसणाची चटणी रत्नाच्या दिराबरोबर धाडतेय, तो बाविसाव्या तारखेला निघतोय. निळा थर्मास मात्र मागू नकोस, तो मी देणार नाही.

तुझी,
मावशी