पाण्यातील जमाखर्च

इतवारीच्या जुन्या जैन व्यापारी घरांत मासे पाळण्याची चाल नाही. जीव विकत घ्यावा, काचेत कोंडावा आणि शोभेसाठी दिवाणखान्यात मांडावा, ही कल्पनाच तेथे कोणाला रुचत नाही. तरीही धान्याची आडत असलेल्या एका घरात मत्स्यपेटी आली. नातीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या वडिलांच्या एका मित्राने दोन फूट लांबीची काचपेटी आणि प्लास्टिकच्या पिशवीत सहा काळ्या मॉली आणून दिल्या. देणाऱ्याची भावना निर्मळ होती. परत पाठविले असते, तर मासे पुन्हा दुकानाच्या टाकीतच गेले असते.

आजीला जुना मार्ग ठाऊक होता. "फुटाळ्यात सोडून या," त्या म्हणाल्या, "जीव सुटेल." आजोबांनी ते मान्य केले नाही. मॉली ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील. परका जीव तलावात सोडला, की एक तर तो मरतो, नाही तर तेथल्या जीवांचे अन्न बळकावतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. शोभेचे फूल म्हणून या देशात आली आणि आज कितीतरी तलाव तिने झाकले आहेत. आपल्याकडच्या पाण्यात सहज उगवणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेटीच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तेथे तिने कालवे तुंबविले. सोडून देण्याने आपले मन हलके होते. तलावाचे काय होते, हे पाहावयास कोणी थांबत नाही. तेव्हा मासे घरातच राहणार, नवे आणावयाचे नाहीत, आणि जे आहेत त्यांना आयुष्यभर सांभाळावयाचे, असे ठरले.

सांभाळावयाचे तर पाण्यात जिवंत वनस्पती हव्यात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो आणि तो माशांना विष आहे. वाळूत आणि गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. वनस्पती मात्र अमोनिया आणि नायट्रेट ही दोन्ही रूपे थेट अन्न म्हणून उचलतात. एकाची घाण ती दुसऱ्याची रसद. म्हणून व्हॅलिसनेरियाची लांब पाती, हायड्रिलाच्या काही जुड्या आणि मध्यभागी एक अमेझॉन स्वोर्ड, अशी लागवड झाली. हायड्रिलाबरोबर चार-दोन चिमुकल्या गोगलगायीही आल्या. त्यांनाही घराबाहेर काढावयाचे नाही, असा नातीचा हुकूम सुटला.

दीड महिन्यात पाने पिवळी पडू लागली. घरच्यांची काळजी पाहून धाकट्या काकांनी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी आणलेल्या १९:१९:१९ या विद्राव्य खताचा एक मोठा चमचा पेटीत घातला. कुंडीतल्या मोगऱ्याला चालते, तर पाण्यातल्या झाडाला का चालू नये, असा त्यांचा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मॉली पाण्यावर तरंगत होत्या आणि उरलेल्या चार पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होत्या. नात शाळेत गेली नाही. आजींनी त्या दिवशी उपवास केला. काका दुकानातून रात्री उशिरापर्यंत परतलेच नाहीत.

त्या खताच्या पिशवीवर सर्व काही छापलेले होते, ते कोणी वाचले नव्हते एवढेच. १९:१९:१९ मधील नत्र तीन रूपांत असते : नायट्रेट, अमोनिकल आणि युरिया. मातीत तिन्ही चालतात. साठ लिटर पाण्यात मात्र अमोनिकल भाग तत्काळ माशांच्या कल्ल्यांवर जातो आणि युरियाचाही पुढे अमोनियाच होतो. पाणी जितके क्षारीय आणि जितके गरम, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. घरातील पेटी बोअरवेलच्या जड पाण्याने भरलेली आणि महिना एप्रिल, म्हणजे दोन्ही गोष्टी प्रतिकूल. डीएपी किंवा १२:६१:०० यांतही अमोनियाच असल्याने तीही मत्स्यपेटीत वर्ज्य. आजोबांनी निम्मे पाणी बदलले, संध्याकाळी पुन्हा निम्मे बदलले, आणि चार मासे वाचले.

मग त्यांनी वही काढली. चाळीस वर्षे आडतीचे खाते लिहिलेल्या माणसाला एवढे कळत होते की, काय आले आणि काय गेले हे ठाऊक नसताना माल भरणे म्हणजे जुगार.

वनस्पतीच्या गरजेचा नियम व्यापाऱ्याला समजावयास सोपा आहे. गोदामात धान्य भरलेले आहे, हमाल हजर आहेत, ट्रक दाराशी उभा आहे. पण बारदाना नाही. मग सौदा बारदान्यापाशी अडतो आणि धान्याची आणखी दहा पोती आणल्याने सुटत नाही. कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि १८४० नंतर युस्टुस लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला नियम नेमका हाच : जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरे, तेच वाढीची मर्यादा ठरविते. ते सोडून दुसरे कितीही ओतले, तरी ते पाण्यात पडून राहते.

काय अपुरे आहे, हे पान सांगते. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना देते. म्हणून खालची पाने सरसकट पिवळी होतात. पालाश कमी असेल, तर जुन्याच पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात. लोह मात्र एकदा पानात बसले, की सहसा हलत नाही. त्यामुळे त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट. हे शेवटचे लक्षण आजोबांनी पूर्वी पाहिले होते, पण पाण्यात नव्हे. काटोल-कळमेश्वरकडील संत्रा बागायतदार त्यांच्या आडतीवर येत आणि अशीच पाने दाखवीत. तेथील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही. नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था सूक्ष्म अन्नद्रव्यांवर इतका भर देते, तो उगीच नव्हे. जड पाण्याच्या पेटीतही तेच घडते. साधे लोह घातले, तर ते तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. म्हणून ते चिलेटेड रूपात द्यावे लागते.

पेटीतील व्हॅलिसनेरियाची जुनी पाती पिवळी होती आणि त्यांवर छिद्रेही होती. स्वोर्डचे नवे पान फिकट होते. म्हणजे नत्र, पालाश आणि लोह. स्फुरद माशांच्या खाद्यातून पुरेसे मिळत होते. कॅल्शियम-मॅग्नेशियम जड पाण्यातच भरपूर होते. (जे लोक शुद्ध म्हणून केवळ आरओचे पाणी भरतात, त्यांच्या झाडांना नेमकी हीच दोन द्रव्ये मिळत नाहीत.)

कॉटन मार्केटच्या परिसरातील एका कृषी केंद्रातून आजोबांनी १३:००:४५ आणले. हे पोटॅशियम नायट्रेट. अमोनियाचा अंश नाही, नत्र आणि पालाश एकत्र. नाव ऐकून आजींना हसू आले, कारण हा तर सोरा. बिहारचा सोरा एके काळी दारूगोळ्यासाठी जहाजे भरभरून युरोपात जात असे. आता तो चार मॉलींच्या घरातील झाडांसाठी आला. विशेष म्हणजे तो खनिज आहे. रोपवाटिकेत सर्रास मिळणारा हाडांचा चुरा किंवा माशांपासून केलेले द्रवखत जैन घराच्या उंबऱ्याआत येणे शक्यच नव्हते. पिकांवर फवारावयाचे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रणही त्यांनी घेतले नाही. त्यात तांबे असते, आणि तांबे गोगलगायींचा जीव घेते. केवळ चिलेटेड लोह, १२ टक्क्यांचे, वेगळे घेतले.

हिशेब असा बसला. १३:००:४५ चे १० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळविले. त्यातील १० मिलिलिटर साठ लिटरच्या पेटीत घातले, की दर लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम नायट्रेट आणि सव्वा मिलिग्रॅम पोटॅशियम वाढते. ही मात्रा आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या बाटलीत ५ ग्रॅम लोह, तितक्याच पाण्यात. तिचे ५ मिलिलिटर म्हणजे दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम लोह. क्षारीय पाण्यात हे लोह फार दिवस टिकत नाही, म्हणून एकदम न देता तेही दोन हप्त्यांत.

आजोबांना सर्वांत अधिक समाधान पुढच्या आकड्याने दिले. आठवड्याला ४ मिलिग्रॅम नायट्रेट जमा आणि दर रविवारी एक चतुर्थांश पाणी बदल. झाडांनी एक कणही खाल्ला नाही असे धरले, तरी खताचा साठा दर लिटरला १६ मिलिग्रॅमच्या वर कधीच जात नाही; कारण त्या पातळीला जितके येते तितकेच पाण्याबरोबर बाहेर जाते. काढलेले पाणी गच्चीवरच्या मोगऱ्याला. त्यातल्या सूक्ष्म जीवांचा विचार आजींच्या मनात होताच. म्हणून ते उन्हात नव्हे, सावलीतल्या कुंडीत ओतले जाते.

शिलकी खत पाण्यात राहिले, तर काय होते, हे पाहावयास अंबाझरीवर जावे. नागपूरला पाणी पुरविण्यासाठी १८७० साली बांधलेला तो तलाव गेल्या काही वर्षांत जलपर्णीने व्यापलेला लोकांनी पाहिला. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात उतरते, आणि सांडपाणी म्हणजे न मोजता ओतलेले नत्र व स्फुरदच. पेटीत जलपर्णीच्या जागी शेवाळ येते. पहिल्या महिन्यात दिवा बारा-बारा तास जळत होता, तेव्हा काचेवर हिरवा थर धरू लागला होता. प्रकाश हा झाडाच्या भुकेचा मालक आहे. तो जास्त आणि अन्न अपुरे, तर झाड थकते आणि शेवाळाचे फावते. दिवा सात तासांवर आणला. खरवडून काढण्यापेक्षा शेवाळ येऊच न देणे घरच्यांच्या वृत्तीशी अधिक जुळणारे होते.

तीन आठवड्यांनी स्वोर्डला गडद हिरवे पान फुटले. जुनी छिद्रांची पाने सुधारली नाहीत. ती कधीच सुधारत नाहीत, बदल नव्या पानांत पाहावयाचा असतो. दरम्यान काकांनी खताच्या सर्व पिशव्यांवर ठळक अक्षरांत घटक लिहून चिकटविले. मोजमापाची सिरिंज आता त्यांच्याच ताब्यात असते.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे गेला, की पेटीतून रोज बोटभर पाणी उडते. उडते ते केवळ पाणी. क्षार मागे राहतात. म्हणून उडालेल्याची भर आरओच्या पाण्याने आणि साप्ताहिक बदल एक दिवस उघडे ठेवलेल्या नळाच्या पाण्याने, अशी वाटणी झाली. त्या दिवसांत झाडे सुस्तावली, तर खताची मात्रा निम्मी.

वहीत आजोबांनी एक नोंद गमतीने केली आहे. वर्षाला १३:००:४५ लागते सुमारे २१ ग्रॅम. एक किलोची पिशवी ४८ वर्षे पुरेल. त्यांनी पाव किलो ठेवले आणि उरलेले कळमेश्वरच्या एका बागायतदाराला संत्र्यासाठी देऊन टाकले. हायड्रिलाची छाटणी दर पंधरवड्याला होते. ती ना नाल्यात जाते, ना फुटाळ्यात. नात आधी प्रत्येक काडी बादलीत झटकून गोगलगायी पेटीत परत सोडते, आणि मगच जुडी कुंडीच्या मातीत पुरते.