एका थराचा नकार

जमीन ओलितालायक आहे का, हे ठरवायची आमच्या धंद्यातली रीत सोपी आहे. उतार, मातीची खोली, पोत, निचरा, क्षार, कालव्यापासूनचं अंतर असे थर संगणकावर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. गुणांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग भरला की नकाशा तयार. पडद्यावर तो छानच दिसतो. माझं भांडण त्या बेरजेशी आहे.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा घ्या. उतार १ टक्क्याच्या आतबाहेर, काळी माती मीटरभराहून खोल. अशा जमिनीला भरघोस गुण पडतात आणि सोडियमपायी कापलेले गुण त्यात बुडून जातात. पीक काही सरासरीवर वाढत नाही. पाणी तुंबून मुळाशी हवाच उरली नाही, तर सपाट रान काय कामाचं? अन्न आणि कृषी संघटनेने १९७६ मध्ये जमीन मूल्यमापनाची चौकट आखून दिली. तिच्यात बसणारी एक पद्धत सर्वांत वाईट गुणधर्माला जमिनीचा वर्ग ठरवू देते. मी तीच वापरतो. एका थराने नकार दिला की बाकीच्यांची शिफारस चालत नाही.

हा नकार वरून दिसत मात्र नाही. २००० सालच्या अंतराळयान मोहिमेतून मिळालेल्या उंचीच्या माहितीत एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. डोंगरउतारावर ती कामाला येते. पूर्णेकाठी मात्र उंचीतली चूकच खऱ्या चढउतारापेक्षा मोठी ठरते. सेंटिनेल-२ उपग्रहाचा सर्वांत बारीक चौकोन १० मीटरचा, गुंठाभराचा. उन्हाळ्यात वर आलेलं पांढरं मीठ त्यात टिपता येतं. पण इथला सोडियम खालच्या थरात दडलेला, वरून रान काळंभोर.

म्हणून ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडून खालचा नमुना काढायचं हत्यार. दोन-तीन फुटांखालचं ढेकूळ काढून सावलीत सुकवायचं आणि काचेच्या ग्लासात, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडायचं. चांगलं ढेकूळ फुटून तळाशी बसतं, पाणी नितळ राहतं. चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या मातीच्या ढेकळाभोवती दुधाळ वलय धरतं आणि हळूहळू सगळा ग्लास गढुळतो. बोअरचं खारं पाणी घेतलं तर त्यातले क्षार मातीचे कण धरून ठेवतात आणि परीक्षा फसते. शेतात पावसाचं गोडं पाणी पडलं की ग्लासातलाच प्रकार घडतो. सुटे झालेले कण मातीची छिद्रं बुजवतात. "सायेब, हे वावर पानी पेत नाही," हे शेतकऱ्याचं वाक्य म्हणूनच मी टिपणवहीत निरीक्षणांच्या रकान्यात लिहितो.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपुढे गेला की जमीन चोपण, ही पुस्तकातली मर्यादा. पूर्णेच्या चिकणमातीत ५ टक्क्यांपुढेच निचरा मंदावतो, असं मृदाशास्त्रज्ञांना आढळलं आहे. तयार मर्यादा उचलून लावली, तर मधली सगळी वावरं हिरव्या रंगात जातात.

तरी लाल रंग भरून मी मोकळा होत नाही. बारमाही ओलितासाठी लाल ठरलेलं वावर, जिप्सम आणि चराची जोड मिळाली तर, शेततळ्यातल्या गोड्या पाण्याच्या एक-दोन पाळ्यांसाठी पिवळं होऊ शकतं. म्हणून कोणतं पाणी, किती पाळ्या आणि कोणतं पीक, हे कोपऱ्यात लिहिलेलं नसेल तर त्या नकाशावर मी सही करत नाही.