एलांकूरच्या टेकडीवरची हुर्यो

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून पश्चिमेकडे जाणारी उपनगरी गाडी व्हर्साय मागे टाकते, तेव्हा खिडकीबाहेर डोंगर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मुलूख सपाट आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी वसवलेल्या नव्या शहरांच्या इमारती, गोदामं, मध्येच झाडीचा एखादा पट्टा, एवढंच दिसत राहतं. २०२४ च्या ऑलिंपिकमधल्या माउंटन बायकिंगच्या शर्यती याच भागात, एलांकूरच्या टेकडीवर झाल्या. टेकडीची उंची २३१ मीटर. पॅरिसभोवतीच्या अख्ख्या इल-द-फ्रान्स प्रांतात याहून उंच जागा नाही. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर वसलंय हे लक्षात घेतलं, की सह्याद्रीतून आलेल्या माणसाला इथल्या चढाचा अंदाज येतो. आणि ही टेकडीही निसर्गाने घडवलेली नाही. इथे पूर्वी बांधकामाच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या संपल्यावर नवी शहरं उभारताना निघालेला राडारोडा इथे आणून टाकला गेला, त्यावर माती आणि झाडी चढली, आणि त्या ढिगाची टेकडी झाली. पायथ्याशी ‘फ्रान्स मिनियातूर’ नावाचं उद्यान आहे. देशभरातल्या प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती तिथे मांडल्या आहेत. माथ्यावरून खरा आयफेल टॉवर क्षितिजावर दिसतो.

टेकडी माणसाने रचलेली, हे आधीच सांगायचं कारण म्हणजे तिच्यावरची शर्यतीची वाटही तशीच रचलेली होती, आणि प्रेक्षक कसे वागले याचं निम्मं उत्तर त्या रचनेत आहे. एक फेरी ४.४ किलोमीटरची, प्रत्येक फेरीत सुमारे ११० मीटरचा चढ. बायकांना अशा सात फेऱ्या, पुरुषांना आठ. वाटेवर खडी अंथरून, दाबून ती घट्ट केलेली, मधे बाहेरून आणलेल्या मोठ्या दगडांचे टप्पे. जंगलातल्या मुळांनी भरलेल्या, चिखलाच्या वाटांवर वाढलेल्या खेळाडूंना हे फारसं रुचलं नाही. मार्ग सपक आहे, खडीवर टायर घसरतात, अशी कुरकुर शर्यतीआधीच सुरू होती. तिच्यात तथ्य होतं. पण उघड्या टेकडीवर नागमोडी वळवलेल्या अशा वाटेचा एक फायदा प्रेक्षकाला मिळतो: एका जागी उभं राहून वाटेचे दोन-तीन तुकडे दिसतात, आणि एरवी झाडीत गडप होणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. तरीही ते तुकडेच. कुस्तीच्या फडात कुठेही बसलेला माणूस मातीतली एकूण एक पकड बघतो आणि म्हणूनच पंचाच्या निकालावर बोलायचा त्याला हक्क वाटतो. इथे तसा एकही प्रेक्षक नाही. चार किलोमीटरची वाट संपूर्ण पाहिलेला माणूस त्या टेकडीवर नव्हताच.

मग प्रेक्षक करतो काय? तो दोरीला टेकून उभा राहतो आणि जो समोरून जाईल त्याला ओरडून बळ देतो. मी चढाच्या बाजूला उभी होते, आणि तिथली गंमत वेगळी आहे. उतारावर सायकलस्वार भर्रकन निघून जातो, चेहराही नीट दिसत नाही. चढावर तो हाताच्या अंतरावरून, जवळजवळ पायी चालणाऱ्याच्या वेगाने जातो. मागचं चाक खडीवर फिरतं आणि दोन-चार बारीक खडे उडून दोरीपलीकडच्यांच्या नडगीवर आदळतात. मागून येणारा पेडल मारायचं क्षणभर थांबला, की त्याच्या फ्रीव्हीलची कटकट स्पष्ट ऐकू येते. नाकावरून घाम ओघळून हँडलवर पडतो, तोही दिसतो. आल्प्सच्या बाजूने आलेल्या मंडळींच्या हातात गुरांच्या गळ्यातल्या घंटा असतात. त्या पहिल्या क्रमांकाच्या स्वारासाठी वाजतात तशाच पस्तिसाव्यासाठीही वाजतात. शेवटचे स्वार बहुतेक लहान देशांचे असतात. या खेळात पहिल्या स्वाराच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त मागे पडलेल्याला शर्यतीतून बाहेर काढतात, आणि ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्यांवरही ही पाळी येते. पुढच्या फेरीला हा माणूस दिसेलच असं नाही, हे दोरीपाशी उभ्या असलेल्यांना ठाऊक असतं. म्हणून त्याच्यासाठी आवाज कधी कधी जास्तच चढतो. भारताचा एकही खेळाडू या शर्यतीत नव्हता. त्यामुळे माझ्यासारखीला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, आणि अशा माणसाला लोकांकडे पाहायची सवड मिळते.

२८ जुलैची बायकांची शर्यत फ्रेंच प्रेक्षकांसाठी सणासारखी होती. पोलीन फेराँ-प्रेव्होने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि जवळपास तीन मिनिटांच्या फरकाने सुवर्ण जिंकलं. २०१५ मध्ये रस्त्यावरची शर्यत, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बायकिंग या तिन्हींची विश्वविजेतेपदं एकाच वेळी तिच्याकडे होती, पण ऑलिंपिकचं पदक तोवर एकही नव्हतं. लंडन, रिओ, टोकियो, तिन्ही ठिकाणांहून ती रिकाम्या हाती परतली होती. त्यामुळे त्या दिवशीचा गजर समजण्यासारखा होता. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच शर्यतीतलं बाकीचं. तिचीच देशभगिनी लोआना लकोम्त दगडांच्या टप्प्यात वाईट आपटली, तिची शुद्ध हरपली आणि शर्यत तिथेच संपली. दुसऱ्या क्रमांकावर असलेली नेदरलँड्सची पक पीटर्से चाक पंक्चर होऊन मागे पडली आणि चौथी आली. रौप्यपदकासाठी अमेरिकेची हेली बॅटन आणि स्वीडनची जेनी रिसवेड्स यांच्यात शेवटपर्यंत चुरस चालली आणि बॅटनने बाजी मारली. सुवर्णाचा निकाल कधीच लागल्यासारखा होता, रौप्यासाठी फ्रान्सची कुणीही स्पर्धेत नव्हती, तरी चढावरचा आवाज कमी झाला नाही. त्या दिवशी एलांकूरला जे दिसलं तोच या खेळाच्या प्रेक्षकाचा खरा स्वभाव, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच टेकडीवर हुर्यो उडाली. ब्रिटनचा टॉम पिडकॉक टोकियोचा विजेता. शर्यतीच्या मध्याच्या सुमारास त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं, चाक बदलताना वेळ गेला, आणि चाळीसएक सेकंदांनी तो मागे पडला. फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की पुढे होता, त्याच्यासोबत दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन हॅदरली. पिडकॉकने फेरीमागून फेरी अंतर कापत दोघांना गाठलं. शेवटच्या फेरीत कोरेत्स्की पुढे झाला. मग झाडीत वाट एका झाडाच्या दोन्ही बाजूंनी फुटते तिथे पिडकॉकने दुसरी बाजू धरली. वाटा पुन्हा एकत्र येतात तिथे दोघांचा एकमेकांना धक्का लागला, कोरेत्स्कीचा तोल गेला, आणि पिडकॉक नऊ सेकंदांनी जिंकला. शेवटच्या रेषेपाशी त्याचं स्वागत हुर्योने झालं. चढावर उभ्या असलेल्या आम्हाला खालून तो आवाज ऐकू आला. वर आमच्या आसपासचे लोक त्या वेळी मागून येणाऱ्यांसाठी ओरडत होते, कारण वाटेवर अजून स्वार होते.

एकाच टेकडीवर एकाच क्षणी हे दोन आवाज कसे निघाले, याचा विचार परतीच्या गाडीत आणि नंतरही मी करत राहिले, आणि तो एका गोष्टीपाशी येऊन थांबतो. टाळ्या वाजवायला, बळ द्यायला सगळी शर्यत पाहिलेली असावी लागत नाही. समोरचा माणूस धापा टाकत चढतोय, एवढं पुरतं. हुर्यो उडवायची तर कुणीतरी चूक केली असा निवाडा करावा लागतो, आणि निवाड्याला पाहणं लागतं. शेवटच्या रेषेजवळच्या आसनांवर बसलेल्यांनी झाडीतला तो धक्का पडद्यावर पाहिला होता. वाट फुटते ती जागा, दोन्ही बाजूंची लांबी, कुठल्या बाजूने वेग टिकतो, हे काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वाट दोन फाट्यांत विभागलेली असणं हा या खेळाचा भागच आहे. कुठून जायचं ते स्वार सरावाच्या दिवसांत जोखून ठेवतात. पिडकॉकने मोकळी असलेली बाजू धरली आणि संधी साधली. पंचांनी निकाल बदलला नाही. ज्याचं सुवर्ण गेलं त्या कोरेत्स्कीनेही गहजब केला नाही, त्याने तो धक्का शर्यतीचा भाग मानला. ज्याला तो धक्का बसला त्याच्याहून, दूर बसून पाहिलेल्यांना राग जास्त आला.

यावर सरळ आक्षेप असा, की हा सगळा खल कशाला, फ्रेंच लोकांना फ्रेंच माणूस जिंकायला हवा होता, तो हरला म्हणून ते चिडले. यात खरं आहेच. धक्का फ्रेंच स्वाराने मारला असता तर हुर्यो उडाली नसती, हे मी मान्य करते. पण देशप्रेमाने सगळं उलगडत नाही. देशप्रेम चढावरही तेवढंच होतं, झेंडे तिथेही होते, घसा तिथेही बसलेला होता. तरी चढावरच्या फ्रेंच माणसाने पंक्चरनंतर एकेक स्वार मागे टाकत येणाऱ्या पिडकॉकला प्रत्येक फेरीत पाहिलं होतं. पहिल्या खेपेला तो बराच मागे, पुढच्या खेपेला अंतर थोडं कमी, नंतर पुढच्यांच्या पाठीशी. ज्याने एवढं डोळ्यांनी पाहिलं, त्याला विजेता आवडो न आवडो, त्याने पदक चोरलं असं म्हणणं जड जातं. मागचं काही न पाहता शेवटचे दहा सेकंदच पाहिले, तर देशप्रेमाला कसलाच लगाम राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जवळून पाहिल्याने माणूस समंजस होतो असं म्हणायचं असेल, तर टूर द फ्रान्सच्या घाटांतले प्रेक्षक काय सांगतात? तिथेही लोक हाताच्या अंतरावर उभे असतात, आणि २०१५ मध्ये ख्रिस फ्रूम या स्वाराच्या अंगावर लघवी फेकली गेल्याचं त्याने स्वतः सांगितलं होतं. २०१८ मध्ये शर्यत सुरू होण्याआधीच, संघांची ओळख करून देताना त्याची हुर्यो उडवली गेली. तेव्हा जवळ असणं पुरेसं नाही, हे उघड आहे. फरक पुनरावृत्तीत आहे. घाटरस्त्यावर माणूस सकाळपासून ताटकळतो आणि स्वार त्याच्यासमोरून एकदाच जातो. त्या क्षणात काही कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो. म्हणून प्रेक्षक वृत्तपत्रांतून, टीव्हीवरून आधीच बनवलेलं मत घेऊन येतो आणि तेच रस्त्यावर सोडतो. माउंटन बायकिंगमध्ये तोच माणूस आठ वेळा समोरून जातो, साधारण अकरा मिनिटांच्या अंतराने. आठ खेपांत त्याचा खांदा कधी पडला, गिअर कुठे बदलला, तो कधी उठून पेडल मारू लागला, हे दिसतं. आधीचं मत टिकवणं त्यामुळे अवघड होतं.

आणखी एक म्हणणं असं, की आता मोठे पडदे आहेत, हातात फोन आहेत, प्रत्येकाला सगळं दिसतं, मग तुकड्यांची ही गोष्ट जुनी झाली. मला उलट वाटतं. पडदा सगळं दाखवत नाही, तो निवडून दाखवतो, आणि निवडतो तेव्हा पडणं, आदळणं, धक्का लागणं हेच आधी उचलतो. तो धक्का पुन्हा पुन्हा दाखवला गेला, की शर्यतीतला तोच एक प्रसंग आहे असं वाटू लागतं. शेवटच्या रेषेजवळच्या प्रेक्षकाला दोष देताना मला म्हणूनच संकोच वाटतो. महाग तिकीट काढून तो तिथे बसला होता, त्याला जे दाखवलं त्यावर त्याने मत दिलं. मोठ्या स्पर्धा प्रेक्षकाला जितक्या सोयीच्या आसनावर बसवतात, तितकं त्याला कमी दिसतं, ही बाब संयोजकांनी मनावर घ्यायला हवी. शर्यत सुरू होण्याआधी वाट कुठे फुटते, दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे काय, ओलांडून जाण्याचे नियम काय, हे पडद्यावर चार-पाच मिनिटं दाखवणं अवघड नाही. हा खेळ १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आला, म्हणजे तो नवाही राहिलेला नाही.

हुर्योने कुणाचं काय बिघडतं, असंही विचारतात. पदक तर गेलं नाही. पण पिडकॉकने शर्यतीनंतर हुर्योबद्दल खंत बोलून दाखवली, आणि ती रास्त होती. त्याने पंक्चरनंतर जे केलं ते या खेळातल्या उत्तम पुनरागमनांत गणलं जाईल, आणि ते पाहायला टेकडीवर आलेल्यांतल्या एका मोठ्या गटाने नेमकं तेच पाहिलं नाही. नुकसान झालं असेल तर ते त्या प्रेक्षकांचं. पुढच्या कुठल्या ऑलिंपिकला किंवा विश्वचषकाला कुणी मराठी माणूस ही शर्यत पाहायला गेला, तर माझं सांगणं एवढंच, की शेवटच्या रेषेजवळची जागा घेऊ नये. लांबलचक चढ जिथे संपत आलेला असतो तिथे दोरीपाशी उभं राहावं, पाणी भरपूर न्यावं, कारण सावली नसते, आणि पहिला स्वार जिंकल्याची घोषणा झाली तरी शेवटचा जाईपर्यंत जागा सोडू नये.