ऐकणारं माणूस

तुम्ही गेलात आणि माझं ऐकणारं माणूस गेलं. घर राहिलं, पेन्शन राहिली, मुलं आपापल्या गावी सुखात आहेत आणि न चुकता फोन करतात. पण मंडईत झालेली घासाघीस, अजिंक्यताऱ्यावर उतरलेला ढग, शेजारच्या नातीचा पडलेला पहिला दात, अशी दिवसभराची चिल्लर मी साठवायची ती संध्याकाळी तुमच्यापुढे ओतायला. तुम्ही पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणायचा. तेवढ्यानं माझा दिवस पुरा व्हायचा.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, सतरंज्या झटकून माळ्यावर गेल्या. मग तिन्हीसांजा अंगावर यायला लागल्या. दिवा लावून झाला की घर एकदम मोठं व्हायचं. मी टीव्ही लावायची, पाहायला म्हणून नाही, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. बाहेरच्या खोलीत मालिकेतली माणसं तावातावानं भांडायची आणि मी ओट्याशी उभी राहून पातेल्यातच भात कालवून खायची. एका माणसासाठी ताट कशाला घ्या, पाट कशाला मांडा! चैत्रात हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं कैरीची डाळ आणि पन्हं घेतलं, त्या बायका रस्त्यात भेटल्या की आवंढा गिळून तब्येतीची चौकशी करायच्या आणि पुढे जायच्या. नवरा जाणं हे दैवाचं. पण नवरा गेलेल्या बाईला चारचौघींतून उठवणं हे माणसांचं, आणि त्याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

सगळे म्हणायचे, "मन रमवा." मी रमवत होते. भजनी मंडळात जात होते, लेकीकडे राहून येत होते. माणसांत असेपर्यंत बरं वाटायचं. परत येऊन कुलूप उघडलं की पुन्हा तेच. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा उमगली. मी पाहणंच सोडून दिलं होतं. सांगायचं कुणाला, मग पाहायचं तरी कशाला? अंगणात प्राजक्ताचा सडा पडायचा आणि मी तो खराट्यानं लोटून टाकायची.

मंडळाबरोबर देहूला गेले तेव्हा भंडाऱ्याच्या डोंगरावर चढलो. बायका देवळात गजराला उभ्या राहिल्या, मी बाहेर पायरीवर टेकले. खाली सगळं इंद्रायणीकाठचं रान पसरलेलं. तुकोबांचा जन्म 1608चा, म्हणजे 1630च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला तेव्हा ते ऐन विशीत होते. व्यापार बुडाला, पहिली बायको रखुमाई अन्नाविना गेली, पाठोपाठ संतू गेला, पोटचा मुलगा. आणि तो तरुण वाणी भामचंद्राच्या नि भंडाऱ्याच्या डोंगरावर येऊन बसायला लागला. लहानपणापासून ही गोष्ट कीर्तनात ऐकत आले, तेव्हा ती विरक्तीची गोष्ट वाटायची. त्या दिवशी पायरीवर बसून ती मला दुःखाची गोष्ट वाटली. गावात चार माणसं समजूत घालायला असतीलच की. तरी या माणसानं आपलं दुःख डोंगरावर नेलं आणि त्याच्या शेजारी बसायचं ठरवलं. झाडं, वेली, पाखरं हेच सोयरे मानले. आणि तिथून तो रुसून नाहीसा झाला नाही. पुन्हा गावात उतरला, कीर्तनाला उभा राहिला.

त्याच गोष्टीत जिजाई आहे, तुकोबांची दुसरी बायको. परंपरा सांगते, ती रोज भाकरी बांधून, घरचं सगळं उरकून, उन्हातान्हाची डोंगर चढायची. तिला लोकांनी कजाग म्हणून रंगवलं. मला मात्र त्या पायरीवर तिचीच आठवण जास्त झाली. एकट्यानं बसण्याचं सुख कुणाच्या तरी भाकरीवर उभं असतं. माझ्या दारातली दुधाची पिशवी आठपर्यंत उचललेली दिसली नाही तर समोरची सून बेल वाजवते. लेक रात्री फोन करते. एवढा आधार पाठीशी आहे म्हणून मी निवांत एकटी बसू शकते. ज्याच्या दारातल्या पिशवीकडे कुणाचंच लक्ष नाही, त्याला एकांताची गोडी सांगू नये. आधी त्याची बेल वाजवावी.

परत आल्यावर मी टीव्ही बंद ठेवायला लागले. तिन्हीसांजेला पडवीत नुसतं बसायचं. पहिल्यांदा जीव नकोसा झाला. हात रिकामे, कान रिकामे, आणि तुमची खुर्ची समोर. उठावंसं वाटायचं, तरी बसून राहायची. रडू यायचं, येऊ द्यायची. हळूहळू त्या शांततेत आवाज ऐकू यायला लागले: घरट्याकडे परतणाऱ्या साळुंक्यांची कलकल, दूर स्टँडवरून निघालेल्या गाडीचा घाटाकडे वळताना बदलणारा सूर. मग एके दिवशी मी ताट घेतलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, लसणाची चटणी, उजवीकडे भाजी, मधे मऊ भात, वर वरण, तुपाची धार. पाट मांडून, मांडी घालून जेवले. कुणीतरी मला वाढलं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते. स्वतःचं आगतस्वागत करता येतं, हे आम्हा बायकांना कुणी शिकवतच नाही. आयुष्यभर दुसऱ्याला वाढून उरलेलं खायचं, आणि ते दुसरं माणूस उठून गेलं की उपाशी राहायचं.

भाद्रपदात मी एकटी कासला गेले. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर, यवतेश्वराचा घाट, ती खिडकीची जागा. 2012मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दी वाढली, म्हणून आपण सुट्टीचा दिवस टाळायचो, मीही टाळला. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर पसरलेला तो जांभ्याचा कातळ. त्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. तरी तेरड्यानं गुलाबी केलेला उतार, गेंदांचे पांढरे ठिपके, आणि ओलसर खळग्यांत सीतेची आसवं. मी वाटेच्या कडेला उकिडवी बसले. नखाएवढं निळंजांभळं फूल, देठ दोऱ्यासारखा, वारा नसतानाही थरथरणारा. या मातीत खायला काही नाही, म्हणून हे रोपटं मातीखालच्या तंतूंवर बारीक फुगे धरतं आणि ओलाव्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की क्षणात आत ओढून घेतं. हे तुम्हीच मला शिकवलेलं, वर्गात पोरांना शिकवायचात तसं, हात हलवून. मी बराच वेळ बसले. ढग उतरला, सगळं पुसून गेला. पुन्हा उघडलं, पुन्हा निळं.

परतीच्या एसटीत लक्षात आलं, की इतक्या वेळात मी एकदाही मागे वळून "अहो, बघा ना" म्हटलं नव्हतं. काळजात कळ आली. आता हे माणूस मनातूनही चाललं की काय! खिडकीकडे तोंड करून रडले. मग घाट उतरता उतरता उलगडलं. कुठे थांबायचं, किती वाकायचं, फूल न खुडता त्याच्यापाशी कसं बसायचं, हे सगळं तुमच्याकडून आलेलं होतं. ते आता माझ्या डोळ्यांत मुरलं होतं. पाहिलेलं कुणाला सांगितलं नाही तरी ते वाया जात नाही; ते जगून होतं, आणि जगून झालं की पुरं होतं.

तुमची उणीव आहे आणि राहणार. एकटीनं रमता येतं म्हणून ती भरून निघाली असं मी कधीही म्हणणार नाही. फक्त आता दाराशी कुणी आलं तर मला त्यांची वाट अडवून ठेवावीशी वाटत नाही. माणसं आली की आनंद, गेली की आपलं घर आहे. पूर्वी माझी भूक त्यांना दिसायची आणि ती लवकर निघायची. आता निवांत बसतात.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. पुढचा बहर मिळून बघायचा, असं आपलं बोलणं झालं होतं. तो येईल तेव्हा मी जाणार आहे. समोरची सून येते म्हणाली तर तिला घेऊन, नाहीतर एकटी, डबा बांधून, खिडकीची जागा धरून.